उजव्या स्क्रीनवरची प्रत

मी, जन्मनोंदणी कार्यालयातील संगणकचालक, सर्वांना ‘ऑपरेटरबाई’ म्हणून माहीत, वय ४३ वर्षे, धंदा कंत्राटी नोकरी, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी पती व सासूबाईंसह राहते. सदर कार्यालयात एकोणीस वर्षांपासून काम करते. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवे होते. या वेळचे येत्या शुक्रवारी संपते. आमच्या साहेबांनी माझ्याविरुद्ध रेकॉर्ड नष्ट केल्याची तक्रार दिली आहे, ती मला वाचून दाखवली. ती खोटी आहे.

दि. ३ रोजी कार्यालयात दुसरा स्क्रीन व नवी हार्ड डिस्क आली. डिस्कची गरज होती, जुनी काठोकाठ भरली होती. स्क्रीन शेजारच्या कार्यालयात दोन आहेत म्हणून मागवला होता. सकाळी अकरा ते दुपारी चार मी एकतीस हजार नोंदी जुन्या डिस्कवरून नवीवर उतरवल्या व मोजून पाहिल्या. मूळ रजिस्टरे पूर्वीच वाळवीने खाल्ली असल्याने जुनी डिस्क कपाटात जपून ठेवावी, असे मी सुचवले. नंतर दुसरा स्क्रीन जोडला. एकच काम दोन्हींवर पसरून हवे की दोन्हीकडे तेच दिसायला हवे, असे साहेबांना विचारले. ते म्हणाले, दोन्हीकडे सारखेच दिसू द्या, भेदभाव नको.

दोन्ही स्क्रीनवर तेच फोल्डर पाहून साहेबांचा चेहरा उजळला. “आता प्रत आपोआप निघालीच की,” असे म्हणून त्यांनी जुन्या डिस्कवर ‘निरुपयोगी’ अशी चिठ्ठी चिकटवली व ती भंगारात टाकण्यास शिपाईकाकांना सांगितले. आरशात उभे राहिल्याने माणसे दोन होत नाहीत, असे मी समजावून सांगितले. साहेबांनी माझे शिक्षण किती, असे विचारले.

दि. ४ रोजी दुपारी दीड वाजता मी डबा खायला गेले. त्या वेळात साहेबांनी जागा मोकळी करावी म्हणून डावीकडची प्रत काढून टाकली आणि वर नवी डिस्क फॉरमॅट करून पार कोरीही केली. शिपाईकाका समोर होते. उजवीकडचीही गेली. साहेबांनी उजवा स्क्रीन बंद करून पुन्हा चालू केला, शिपाईकाकांकडून वायर हलवून घेतली. मी परत आल्यावर मला विचारले, “उजवीकडची तुम्ही कुठे ठेवलीत?” मला हसू येत होते, पण खिडकीबाहेर दाखल्यासाठी सतरा माणसे उभी होती. संध्याकाळी माझ्या नावाने तक्रार झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

जुन्या डिस्कबाबत विचारल्यावरून सांगते की, ती भंगारात गेलेली नाही. दि. ३ रोजी मी ती शिपाईकाकांकडून मागून घेतली व डब्याच्या पिशवीत घालून घरी नेली. परवानगी घेतली नाही. त्या सगळ्या मुलांची नावे मी या बोटांनी टाइप केली आहेत. ती भंगारवाल्याच्या तराजूत घालवेनात. पती म्हणाले, “देऊन टाक, अंगाशी येईल.” दाखवली तर सरकारी वस्तूची चोरी, न दाखवली तर रेकॉर्ड बुडवल्याचा ठपका. इकडे आड, तिकडे विहीर. आज ती मी आपण होऊन या टेबलावर ठेवली. सर्व नोंदी तिच्यात आहेत.

डिस्क मुद्देमाल म्हणून माझ्यासमोर लाखेने सीलबंद करण्यात आली. निकाल लागेपर्यंत ती कोणालाही उघडता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. मग रांगेतल्या लोकांनी काय करायचे, असे मी विचारले. तो या जबाबाचा विषय नाही, असे सांगण्यात आले.

हा जबाब मला ऐकवला, मी बोलले तसाच उतरवला आहे. सहीखाली ‘साक्षीदार’ लिहायचे की ‘आरोपी’, ते वरिष्ठांना विचारून कळवतो, असे हवालदार म्हणाले. तेवढी जागा मोकळी सोडून मी सही केली आहे.