बायको गाडीत बसेपर्यंतचा ताप

आमचे वडील अकोल्याचे, नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथलेच झाले. मी जन्मलो इथे, शिकलो इथे, आणि गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात लागलो तो अजून तिथेच आहे. माल तपासायचा म्हणजे काय, तर समोर आलेला नग मापात बसतो की नाही ते बघायचं, नाही बसला तर परत पाठवायचा. त्यामुळे सवयच अशी लागली की घरीसुद्धा मोजल्याशिवाय मी काही मानत नाही. सुनंदा, म्हणजे आमची बायको, सगळ्यांना सांगते की मला बघायला आले तेव्हा यांनी माझी उंची विचारली, आणि तीही सेंटिमीटरमध्ये. विचारली होती, खोटं कशाला बोलू.

तर हे गेल्या फेब्रुवारीतलं. मला फ्लू झाला. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला तरी आठवडाभर पडून राहा. ताप उतरला. आता आमच्याकडे काय आहे, ताप उतरला की डोक्यावरून आंघोळ करायची, म्हणजे माणूस बरा झाला असं घरात जाहीर होतं. ती मी केली. नुसती आंघोळ करून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी बरा झालो हे सुनंदाला पटवायचं होतं, म्हणून त्याच दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी आत उतरून घासली आणि माळ्यावरची मोठी सुटकेस काढून दिली.

सुटकेसचं असं, की तिच्या दोघी बहिणी ग्वाल्हेरला असतात, आणि तिघींनी मिळून कोकणात जायचं ठरवलं होतं. काय सांगू तुम्हाला, पन्नाशी उलटली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. एकदा ठरलं तर आमच्या आईचा पाय मोडला, एकदा ठरलं तर मुलीची परीक्षा पुढे गेली, आणि आता ठरलं तर माझा फ्लू. मी बरा झालो तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली, ती माझ्यासाठी की तिकिटासाठी ते मी विचारलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी उठलो तर अंग परत कसकसतंय, घसा धरलेला, आणि खोकला पहिल्यापेक्षा खोल. मी म्हटलं, हे हिला कळलं तर सुटकेस परत माळ्यावर. गाडी दुपारची होती. तेवढा वेळ काढायचा, बस. मग काय, खोकला आला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा. ती म्हणाली, आज पाणी फार लागतंय तुम्हाला. मी म्हटलं, टाकी धुतली ना, पाणी कसं येतंय ते बघतोय. थंडी वाजायला लागली तर स्वेटर घालायची सोय नाही, म्हणून उन्हात जाऊन उभा राहिलो आणि स्कूटर पुसायला घेतली.

पण किती ताप आहे हे मापल्याशिवाय मला चैन पडेना. स्कूटरच्या मागे खाली बसलो आणि थर्मामीटर तोंडात धरला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे तिवारीजी जिना उतरून आले. म्हणाले, भाईसाहब, नीचे क्यों बैठे हैं, पंक्चर है क्या? मला तोंड उघडता येईना, मी मान हलवली. मग म्हणाले, हवा कम है? मी परत मान हलवली. मग त्यांनी वाकून पाहिलं, थर्मामीटर हळूच काढून घेतला, चष्मा वर करून वाचला, आणि म्हणाले, अरे, आप तो तप रहे हैं, भाभीजी को बुलाता हूँ. मी त्यांचे हात धरले. म्हटलं, तिवारीजी, दुपारपर्यंत तोंड उघडू नका, ती समुद्र बघायला चालली आहे. त्यांनी थर्मामीटर झटकून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, देखिए, झूठ तो हम बोलेंगे नहीं, पर पूछेंगी नहीं तो बताएँगे भी नहीं.

स्टेशनवर मी हमाल केला नाही, सुटकेस स्वतः उचलली, डोळ्यांपुढे काजवे चमकले पण उचलली. डब्याच्या दारात ग्वाल्हेरहून बसून आलेल्या मेहुण्या उभ्याच होत्या. धाकटी म्हणाली, जिजाजी, चेहरा केवढा पडलाय, ताईशिवाय करमणार नाही का? मी म्हटलं, नाही करमणार. गाडी हलली आणि मी तिथल्या बाकावर बसून जो खोकलो, शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

घरी येऊन अंथरुणात शिरलो तोवर तिचा फोन आला, इटारसीहून. म्हणाली, लहान कुकरमध्ये खिचडी आहे, गरम करून घ्या. संध्याकाळी तिवारीजी येतील, त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, जुना कागद टेबलावर ठेवलाय. मी म्हटलं, तिवारीजींनी सांगितलंच तर. ती म्हणाली, ते कशाला सांगतील, मीच त्यांना सांगून आले. सकाळी तुम्ही दुधीची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतलीत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तेव्हाच कळलं की तोंडाला चव नाही. मी म्हटलं, अगं, मग गेलीस कशी? ती म्हणाली, मी राहिले असते तर ताप लवकर उतरला असता का? मी हिशोब केला. नसता उतरला.

डॉक्टर चिडले. फ्लू गेला होता, पण आराम न केल्याने छातीत दुसराच संसर्ग झाला होता. म्हणाले, ताप जाऊन परत आला तर लपवायचा नाही, लगेच दाखवायचा, तुमच्या वयाला हे अंगावर काढणं महागात पडतं. तिवारीजी मागून म्हणत होते, और डाँटिए.

औषध चालू असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन समुद्राकडे धरला होता, पण मला तिची भिजलेली साडी आणि पावलंच दिसत होती, ती पाण्यात पुढे जायची आणि लाट आली की मागे पळायची. दिसतोय का, दिसतोय का, असं विचारत होती. मी दिसतोय म्हणायला गेलो आणि ढास लागली. तोंडावर हात धरला, तर ती म्हणाली, असू दे, खोका आता मोकळेपणी, इथे काही ऐकू येत नाही.

आता तब्येत बरी आहे. पण मी बरा आहे असं नुसतं म्हटलेलं आमच्या घरात चालत नाही, आधी ती कपाळाला हात लावते, मग पुढचं बोलते. तिघी बहिणींचं पुढच्या वर्षीचं ठरतंय, जगन्नाथपुरी म्हणतायत. जाऊ देत. देवळाला बावीस पायऱ्या आहेत म्हणे, देव त्यांचे गुडघे सांभाळो.