वॉल्टरच्या झाडाला आळं

लिहून घ्या ताई, माझा जन्म रत्नागिरीकडचा, खाडीच्या अलीकडचं गाव, नाव सांगून उपयोग नाही, नकाशा काढणाऱ्यानं आमच्यावर शाईचा ठिपकासुद्धा खर्च केलेला नाही. आजा माळी, बाप माळी, मी माळी. मी जन्मलो तेव्हा म्हणे माझ्या मुठीत कलमाची काडी होती, असं आई सांगायची, आता आईला खोटं कोण पाडणार. एका सरकारी रोपवाटिकेत एकतीस वर्षं कलमं बांधली. आंब्याची कोय रुजवायची, लाल कोवळा कोंब आला की तो चिरायचा, त्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची नि पट्टी बांधायची. दिवसाला पाचशे बांधायचो. बरं, दोनशे. एकाच झाडावर मी अकरा जातींचे आंबे आणले होते, माकडं गोंधळून उपाशी बसायची, कुठला आधी खावा ते कळेना म्हणून. सुलू, म्हणजे आमची ही, आतून ऐकतेय, आता ओरडेल, अहो, चार जाती होत्या. चार तर चार. माकडं मात्र खरी.

तर आमचा मंदार कॉम्प्युटर शिकला, इकडं न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआला नोकरीला लागला, नि मी रिटायर झालो तसं २००२ साली त्यानं आम्हा दोघांना आणलं. लोकांचे अमेरिकेत डोळे दिपतात, माझे गोठले. पहिल्याच हिवाळ्यात एक दिवस मंदारनं दार उघडलं तर समोर बर्फाचा दुसरा दरवाजा उभा, कडी तेवढी नव्हती. मी घरात बसून करू काय? मुलगा-सून सकाळी सातला गाडी काढून जायची, टीव्ही इंग्रजी, आणि हात शिवशिवतात. सुलूच्या तुळशीची मी इतकी छाटणी केली की तिनं कुंडी बेडरूममध्ये नेऊन ठेवली नि म्हणाली, तुम्ही हात खिशात घालून बसा.

जानेवारीत एकदा खिडकीतून बघतो तर सगळ्या झाडांच्या काटक्या झालेल्या नि शेजारच्या अंगणात एक झुडूप पानांसकट उभं. माझ्या छातीएवढं. पानं खाली लोंबलेली नि प्रत्येक पान विडीसारखं गुंडाळलेलं, वाटावं कुणी रात्रभर विड्या वळून टांगून ठेवल्यात. म्हटलं, मेलं हे बिचारं. तर दुपारी जरा ऊन आलं नि काय सांगू तुम्हाला, पानं उलगडली की हो! माणसानं हात पसरावे तशी. मी तसाच मंदारचा कोट चढवला, सुलूची शाल कानाला गुंडाळली नि जाऊन त्या झाडापुढं उभा राहिलो. इथं कुंपण नसतं, म्हणजे आपण कुठं घुसलो ते आपल्यालाच कळत नाही. आतून एक ताडमाड म्हातारा बाहेर आला. म्हटलं, आता हा पोलीस बोलावणार. त्यानं कॉफी आणली.

तो वॉल्टर. शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेला, बायको जाऊन पंचवीस वर्षं झालेली, एकटा राहायचा. माझं इंग्रजी म्हणजे शंभर शब्द नि दोन हात, पण झाडापुढं तेवढं पुरतं. त्या झाडाचं नाव रोडोडेंड्रॉन. हिमालयात याचे भाऊबंद आहेत म्हणे, आपल्या कोकणात नाहीत. हे पान गाळत नाही, थंडी आली की पानं वळवून घेतं, थंडी हटली की सोडतं. वॉल्टर पान बघून हवा सांगायचा. सैल वळलंय, डॅट्टा, टोपी घाल. घट्ट वळलंय, डॅट्टा, घरी जा. माझं नाव दत्ताराम, पण त्याच्या तोंडून डॅट्टा ऐकायची मला इतकी सवय झाली की सुलूनं दत्ता म्हटलं असतं तरी मी वळलो नसतो. अर्थात तिनं कधी म्हटलं नाही.

त्याच्याकडं ही झाडं वीसेक होती, बाकीची घरामागं, पण आमच्या खिडकीसमोरचं ते एक त्यानं स्वतः केलेलं. बायको वारली त्या वर्षी त्यानं एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावला नि बी धरलं, राईपेक्षा बारीक. शंभरेक रोपं झाली, ती उघड्यावर लावून दिली. दर हिवाळा त्यातली काही मारून जायचा. तो म्हणायचा, मी निवड केलीच नाही, थंडीनं केली. शेवटी एक राहिलं. त्यानं नवव्या वर्षी फूल दिलं, कळी गुलाबी नि उमललं की सायीच्या रंगाचं. पण वॉल्टरला फुलापेक्षा पानाचं कौतुक. पानाच्या खालच्या अंगाला तपकिरी मखमल होती, बोट फिरवलं तर मांजराच्या कानासारखी लागायची. रोज सकाळी येऊन एक पान उलटायचा नि अंगठ्यानं चोळायचा. आपल्याकडं म्हातारी माणसं देवाला हात लावून दिवस सुरू करतात, तसं. दरवर्षी त्याच्या फांद्या लावून बघायचा, मुळं धरायचीच नाहीत. म्हणजे साऱ्या दुनियेत ते झाड एकच.

आणि इथं माझी जीभ सुटली. म्हटलं, वॉल्टर, मी कलमवाला आहे, तुला याची दहा कलमं करून देतो. त्याचे डोळे असे चमकले. मग मी थांबतो होय! वीज पडून उभा चिरलेला आंबा मी माझ्या धोतरानं बांधून जगवला, पुढच्या वर्षी धोतराच्या काठाच्या रंगाचे आंबे लागले, हेही सांगितलं. तो हसून हसून खाली बसायचा. हे खरं, डॅट्टा? मी म्हणायचो, हंड्रेड परसेंट. सुलू म्हणायची, अहो, त्या बिचाऱ्याला कळत नाही तुमचं कुठलं धरायचं नि कुठलं सोडायचं. मी म्हणायचो, कळतं गं. पण नव्हतं कळत. निदान कलमांचं त्यानं धरलं होतं.

२००५ साली सप्टेंबरात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. त्याची मुलगी कॅरन दूर कॅरोलायनात, तिच्याकडं करून घ्यायचं नि वसंतात परत यायचं. जाताना मला झाडाशी घेऊन गेला. म्हणाला, डॅट्टा, काही करायचं नाही. फक्त बघायचं. जमीन गोठायच्या आधी फारच कोरडी पडली तर थोडं पाणी, नि नोव्हेंबरात वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट उभं कर, बास. मी आलो की आपण कलमं करू. मग अंगठ्यानं ते पान चोळलं नि गेला.

आता तुम्हीच सांगा. एकतीस वर्षं मला काहीतरी करण्याचा पगार मिळाला, न करण्याचा कुणी दिला नाही. आमच्या रोपवाटिकेत नुसतं बघत उभ्या राहणाऱ्या माळ्याला साहेब म्हणायचे, पुतळा आहेस का रे? मी झाडाकडं बघतो तर ते जमिनीच्या वर वर लावलेलं, मुळं नुसत्या पाइनच्या सुयांखाली, ना आळं, ना भर, ना खत. म्हटलं, मास्तर माणूस, याला कोण शिकवणार! आपण याचं झाड असं करू की आल्यावर ओळखणार नाही. देवानं तेवढं एक माझं खरं केलं.

कुदळ घेतली नि छान गोल आळं काढलं, वीतभर खोल, आंब्याला काढतो तसं. कुदळीला बारीक मुळं लागत होती, केसांसारखी, मी म्हटलं ही कसली मुळं, खरी मुळं खाली असतील. खाली काही नव्हतं. त्या झाडाची मुळं पायपुसण्यासारखी वरच पसरतात, ते मला मागाहून कळलं. खोडाला मातीची भर घातली. कुजलेल्या शेणखताच्या दोन पिशव्या मंदारकडून आणवल्या. रोज संध्याकाळी आळं भरून पाणी. सुलूनं खिडकीतून विचारलं, अहो, तो काही करू नका म्हणाला होता ना? मी म्हटलं, तुझ्या तुळशीला बोललो का मी काही?

आणि झाड खूश झालं हो! ऑक्टोबरात नवी कोवळी पालवी. मी मंदारला ओढत नेऊन दाखवली. आठ दिवसांनी पहिलं दव गोठलं नि ती पालवी उकडलेल्या भाजीसारखी लोंबली. मग पाऊस लागला, आळ्यात पाणी तुंबलं, नि ते गोठलं. खोडाच्या गळ्यात काचेची सरी घातल्यासारखं. मी गोणपाट उभं केलं, एक नाही, चार पदरी. उपयोग काय. फेब्रुवारीत दोन दिवस ऊब आली, वॉल्टरच्या बाकीच्या झाडांनी पानं उलगडली, हे तसंच वळलेलं. मी नखानं साल खरवडली. हिरवं असायला पाहिजे, तपकिरी होतं. दुसरी फांदी, तपकिरी. एकतीस वर्षं मी हे नख वापरलं, ते कधी खोटं बोललेलं नाही. तरी पाच काड्या कापून घरात आणल्या, दुकानातल्या लहान रोपांवर कलमं बांधली, पिशव्या घालून ओट्याशेजारी ठेवली. तीन आठवड्यांत पाची काळ्या. सुलू स्वयंपाक करताना तिकडं बघायची नाही.

फोन करून सांगायचं होतं. सुलू रोज म्हणायची, मंदारला लावू द्या, तो बोलेल इंग्रजीत. मी म्हणायचो, माणूस नुकता चालायला लागलाय, आत्ता कशाला. खरं म्हणजे मला माझ्या अकरा जातींचे आंबे आठवायचे नि उचललेला फोन मी खाली ठेवायचो.

एप्रिलात मंदारला म्हटलं, वॉल्टरला सरप्राइज देऊ, गाडी काढ. दोन तासांवरच्या एका मोठ्या नर्सरीत गेलो, तिथं तेवढंच, तशाच पानाचं, गुलाबी कळीचं झाड शोधून काढलं. मंदार म्हणाला, बाबा, ओव्हर होतंय हे, एक छोटंसं देऊ या ना. मी म्हटलं, तू गाडी चालव. मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर जुनं झाड कापून पिशव्यांत भरलं. मुळांना नासलेल्या कांद्याचा वास येत होता. नवं लावलं ते मात्र बरोबर लावलं, जमिनीच्या वर, सुया अंथरून, आळं नाही. तोवर मी शिकलो होतो.

मेच्या शेवटी वॉल्टर आला, वॉकर घेऊन. घरात न जाता आधी झाडाकडं. मी मागं उभा, हात खिशात. त्यानं एक पान उलटलं नि अंगठा फिरवला. ताई, मी रंग बघितला होता, उंची बघितली होती, कळी बघितली होती. पान उलटून बघितलं नव्हतं. खाली नुसतं हिरवं, गुळगुळीत. मला आठवण झाली ती त्याचा अंगठा थांबला तेव्हा. त्यानं दुसरं पान उलटलं. मग तिसरं. मग वॉकर घराकडं वळवला नि म्हणाला, चांगलं लावलंयस, डॅट्टा. उंचावर लावलंयस.

नि आत गेला. मी घरी येऊन सुलूला म्हटलं, त्याला काही कळलं नाही, चांगलं लावलंय म्हणाला. सुलू कणीक मळत होती, ती थांबली. म्हणाली, लावलंय म्हणाला? मग त्याला लावलेलं दिसलं की हो.

त्यानं मला कधी विचारलं नाही. कॉफी द्यायचा, थापा ऐकायचा, पण हे खरं का, हे विचारणं त्यानं सोडलं. दहा कलमांचं नाव काढलं नाही. सकाळी बाहेर यायचा, पण पानाला हात लावायचा नाही. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. शंभर शब्दांत सॉरी होता, तेवढा एक पुरला असता. तो बोलता झाला असता तर मीही झालो असतो, असं मी म्हणतो, पण तेही काही खरं नाही. २००७ च्या थंडीत तो झोपेतच गेला.

यंदा कॅरन घर विकायला आली. मला मिठी मारली नि म्हणाली, डॅडचं झाड मी नेऊ शकत नाही, मोठं आहे, तुम्ही त्याची रोपं करून द्याल का? डॅड म्हणायचे, डॅट्टाचा हात चांगला आहे. खरं ते तोंडात आलं होतं. सुलू शेजारी उभी होती, तिनं माझ्या कोपराला हात लावला. आणि मी म्हटलं, येस. आठ फांद्या लावल्या. वॉल्टरच्या झाडानं कधी मूळ धरलं नव्हतं, या दुकानच्या झाडाच्या सात फांद्यांनी अडीच महिन्यांत धरलं. कॅरन सप्टेंबरात येऊन घेऊन गेली, रडली, प्रत्येक कुंडीवर तिनं वडिलांचं नाव लिहिलं. अक्षर सुंदर आहे तिचं.

कालच तिचं पत्र आलं, फोटो घालून. सातही जगलीत. तिच्याकडं हिवाळा सौम्य असतो, मोठी होतील. होऊ देत, भरभरून फुलू देत, त्या पोरीच्या दारात त्यांना काही कमी पडू नये. झाडांचा यात काय दोष.

लिहिलंत ना सगळं? मराठी मंडळाच्या अंकात छापा, खुशाल छापा, पण मराठीतच ठेवा, कॅरनला मराठी येत नाही. आणि कुणी तिच्या कानावर घातलंच तर मी सांगेन, हा म्हातारा थापा मारतो, विचारा कुणालाही. लोकांना पटेल.