चिंगीचा शेक राहिलाय

चाळीतल्या सगळ्यांनो, ह्यांच्यासाठी कामं टाकून जमलात. मला सभेत बोलायची सवय नाही, आणि आज तर एका जागी उभंही राहवत नाही. लक्ष सारखं मंदाताईंच्या दाराकडे जातंय. आत त्यांची कुत्री, चिंगी, पडून आहे.

हे गिरणीत बॉयलरवर कोळसा मारायचे. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. मग परळला जनावरांच्या एका दवाखान्यात झाडलोटीला लागले. तिथल्या डॉक्टरांनी जुना झालेला शेकाचा लाल दिवा ह्यांना दिला, वापरायला शिकवला. मग काय, कुणाचं मांजर गॅलरीतून पडलं, कुणाचा कुत्रा टॅक्सीखाली आला, डॉक्टरांना दाखवून झालं की शेकायला आमच्या खोलीत हजर. तुम्हीच म्हणायचात, आता म्हैस तेवढी वर चढवायची राहिली.

मी वाचनालयातलं पुस्तक आणून वाचलं. ह्यांना सांगितलं, दिव्यात जादू नाही, ऊब लागते, रक्त फिरतं, एवढंच. म्हणाले, मग फिरू दे की.

पहिल्याच मांजराला चटका बसला, आठवतं? अंतर बघायला हे दिव्याखाली आपला तळवा धरायचे. पण तो तळवा बॉयलरवर निबर झालेला. त्याला काही कळेचना. मांजर किंचाळलं तेव्हा ह्यांना समजलं. त्या दिवसापासून मला हाक.

"गो, तुझो हात धर. माझो काय सांगना नाय."

आधी माझा हात, मग जनावर. नेहमी असंच.

चिंगीचे मागचे पाय गेले होते. हे जायच्या आदल्या दिवशी तिने शेकताना एक पाय जरासा ओढून घेतला. हे किती हसले. मग हे गेले, घरात सुतक आलं, आणि लाल दिवा बंद राहिला. काल बारावं झालं. आज मंदाताईंचा मुलगा म्हणतो, हाल बघवत नाहीत, उद्या इंजेक्शन देऊन तिला मोकळी करतो.

त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण सुतक आपलं होतं ना? ते कुत्रीला का पाळायला लावलं? ती उठेल असं मी सांगत नाही. कोण सांगणार? उद्या मात्र नको.

आता ह्यांच्यासाठी घटकाभर गप्प उभे राहू. मग तुम्ही चहा घ्या. मंदाताई, तुम्ही चिंगीला घेऊन वर या. हात मी धरते.