मॅडम टिंबक्टूला जाऊन आल्या

नेरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर रिटायर झालेल्या उर्वशी मॅडम आणि तांड्यावरच्या मानीबाई बसल्या होत्या.

“मानीबाई, मी आफ्रिकेत टिंबक्टूला जाऊन आले!”

“येवढ्या दूर कायले गेलत्या? कोनाचं लगन होतं?”

“लग्न नाही हो, बघायला. तीन दिवस नदीतून होडीनं, पुढं नुसतं वाळवंट. रस्ता असा नाहीच! पण खरी मजा त्यातच.”

“अन् पाह्यलं काय?”

“उंटांचा तांडा! पाठीवर मिठाच्या लाद्या. शेकडो वर्षांचा व्यापार. मला तर रडूच आलं.”

“आमच्या आज्याचा आजा बी बैलाच्या पाठीवर मीठच लादून गावोगाव फिरे. त्याच्या बैलाची कवड्याची झूल अजून हाये घरी.”

“काय सांगता! अहो, हा तर जिवंत इतिहास! मला बघायलाच हवा. कुठला तांडा तुमचा?”

“तुमच्या गच्चीवरून दिसते थो. नाल्याच्या पल्याड.”

“तो होय? बत्तीस वर्षं बघतेय की.”

“मंग या ना उद्या.”

“अगं बाई, तिकडं कसं येणार? तिकडं रस्ता कुठं आहे?”