चांदीच्या दोन पट्ट्या

दलिचंद : काळी पडली म्हणजे चांदीत खोट असते असं नाही, ताई. माझ्या पेढीवरून नेली ती शुद्धच आहे.

दीपमाला : खोट माझ्या मांडणीत होती, दलिचंदभाऊ. मी वीज एकाच दिशेने सोडत राहिले. एकच पट्टी झिजली, वर आमच्या विहिरीच्या क्षारांचा थर बसला. मग चांदी पाण्यात उतरणार कशी?

दलिचंद : चांदी पाण्यात उतरवायची?

दीपमाला : कणभर. तेवढ्याने जंतू मरतात. जास्त उतरली तर तीही बरी नाही, म्हणून एवढा खटाटोप.

दलिचंद : तुम्ही शाळेत शिकवता. हे कुठून डोक्यात आलं?

झुंबरबाई : मी सांगस, भाऊ. गेल्या साल आमना घरमा मालक आन् नात, दोन्ही टायफाइडमा पडनात. तवयपासून मनी सून पानी साफ कराना ह्या डब्बाना मांगे लागेल शे.

दीपमाला : आई, राहू द्या.

झुंबरबाई : का राहू देऊ? डब्बाना पानीसाठे बठ्ठी गल्ली हंडा लई उभी व्हती. तपासनीमा जंतू निंघनात. हाई घरेघर गयी, सांगं, मना डब्बा फसना, पानी उकाळीसनच प्या.

दलिचंद : स्वतः जाऊन?

झुंबरबाई : लोके हासनात. हाई नही लाजनी.

दलिचंद : बाजारात एवढं कोणी कबूल करत नाही, अक्का. बोला ताई, आता कशा हव्यात पट्ट्या?

दीपमाला : दोन्ही सारख्या. समोरासमोर, मध्ये सगळीकडे बोटभर अंतर. विजेची दिशा मी उलटसुलट करत राहीन, म्हणजे झीज वाटली जाईल आणि थरही सुटेल.

दलिचंद : वायर पट्टीला पक्की झाळ देऊन जोडतो.

दीपमाला : झाळ नको. तिच्यातला धातू पाण्यात जाईल. पट्टीलाच लांब शेपूट ठेवून अखंड कापा. शेपूट पाण्याच्या वर राहील, वायर तिथे चिमट्याने लावेन.

दलिचंद : जन्म चांदीत गेला माझा. झाळच टाळायची, हे कधी मनात आलं नाही.

झुंबरबाई : भाऊ, ह्या मना तोडा गाळा, आन् पत्रा करी द्या.

दीपमाला : तुमच्या आईने दिलेत ते. आणि त्यात तांबं मिसळलेलं असतं, चालणार नाही.

दलिचंद : तोडे मी ठेवून घेतो. बदल्यात शुद्ध पत्रा देतो.

दीपमाला : आणि पुन्हा फसलं तर?

झुंबरबाई : ते आखो बनाडजो. पाय रिकामा राहीनात ते माले काय चालता येवाव नही?

(पुढच्या महिन्यात, त्याच पेढीवर.)

दीपमाला : जंतू नाहीत, भाऊ. चांदीही मर्यादेच्या आत आहे. तरी आणखी एक नमुना दिलाय. त्याचा अहवाल आल्याशिवाय गल्लीला हो म्हणणार नाही.

दलिचंद : आणि पट्ट्या?

दीपमाला : दोन्ही सारख्या झिजल्यात. तुमचा हात सरळ आहे.

दलिचंद : आखणी तुमची. मी नुसतं कापलं.

झुंबरबाई : हाई तपासत बशी. मी ते सकायलेच तांब्याभर पिधं.

दीपमाला : मला न सांगता, आई?

झुंबरबाई : सांगतू ते तू पेवू देती का?

दलिचंद : मग अक्का, चव कशी लागली?

झुंबरबाई : पानीनीच.