पाहणीचे पोहे

...नाही हो ताई, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — इथं पलंगावर बसा. आणि पोहे खावेच लागतील. लाच नाही ती, तसं तोंड करू नका. पुरावा आहे. आत सासूबाई बशा भरतायत, तोवर मी सांगून घेते. तुमच्या आधी संस्थेतून ते सर आले होते ना, त्यांनी फॉर्मवर काय लिहिलं ते मला पाठ आहे. 'रोहिदास, वय त्रेचाळीस, बौद्धिक दिव्यांग. स्वतःची कामं स्वतः करतो. पाहुण्यांची सरबराई उत्तम. मदतनिसाची गरज नाही.' झालं! भावजींना मोशीच्या कार्यशाळेत नेणारी गाडी बंद, गाडीतला मदतनीस बंद. का, तर जो माणूस पोह्यांचा ट्रे आणतो तो कुरुळीहून मोशीला बसने येईल की! चुकलं कुणाचं? सरांचं? छे. आमचंच.

असं बघा — संस्थेच्या पत्रात लिहिलेलं, तुमच्या दिराची पाहणी करायला माणूस येणार. आता या घरात आजवर कुणी बघायला आलं ते एकाच कामासाठी, माझ्या तीन नणंदांच्या वेळी. मग सासूबाईंना जे येतं तेच त्यांनी केलं. "गिरजे, कांदं चिर," म्हणाल्या, "आन् रोह्याला इस्तरीचा सदरा काढ." म्हटलं, "आत्या, हे तसलं बघणं नाही." तर म्हणतात, "बघणं ते बघणं. नाक कापून घ्यायचं न्हाई." पत्र आलेलं तीन महिने आधी. मग काय, तीन महिने तालीम! रोज चार वाजता, आमचे हे शिफ्टला गेले की — स्वयंपाकघर ते ही बैठक, अकरा पावलं. वही आहे माझ्याकडे, मी सगळं लिहून ठेवते. वाचू? पहिला दिवस: काचेच्या बशा चार, चारही फुटल्या. सहावा: स्टीलच्या आणल्या. एकविसावा: भावजी उंबऱ्याशी थांबले, पाऊण तास थांबले. — हसू नका, बाहेरच्या उंबऱ्याला मघाशी तुम्हीही अडखळलात, लिहू का तेही? — मग मला युक्ती सुचली. आपण बाजूला उभं राहायचं आणि हळू म्हणायचं, 'उंबरा, भावजी. आधी उजवा पाय.' की निघाले!

सर आले त्या दिवशी मी त्या दाराशी, तोंडाला पदर. सरांना वाटलं, बाई लाजतेय. लाजते कसली! पदराआडून चाललेलं माझं — उजवा, आता डावा, थांबा. आले की हो भावजी, एक शेंगदाणा न सांडता! सर काही विचारणार तोच सासूबाई म्हणाल्या, "सोभाव गरीब हाय पोराचा. खान्यापिन्याची खोड न्हाई." मग भावजींनी ट्रे पलंगावर टेकवून बशी पुढं केली, सरांनी ती धरली एका हातानं, दुसऱ्यात पेन — आणि भावजी सोडेनात. त्यांचं तसंच आहे, समोरच्याचे दोन्ही हात पुढं आल्याशिवाय ते बशी सोडत नाहीत. दोघांची ओढाओढ! शेवटी मीच म्हटलं, 'सोडा, भावजी.' सर हसले, म्हणाले, फार आग्रही आहेत. आणि लिहिलं — सरबराई उत्तम.

हो, बसने पाठवलं. एकदाच. मी मागून दुसऱ्या बसने — नाही, ते खोटं. मागून गेले असं मी सगळ्यांना सांगते, पण मी नव्हते गेले. मला वाटलं, जमेल. मीच पढवलेलं, मीच दाराआडून बोलले, आणि माझाच विश्वास बसला! मोशीच्या आधीच, चिंबळी फाट्याला उतरले भावजी. हायवेच्या मधोमध, दुभाजकावर, दोन्हीकडून चाकणचे कंटेनर — आणि हे दुपारपर्यंत उभे. कोण सांगणार तिथं, उजवा पाय? एका टेम्पोवाल्यानं घरी आणून सोडलं. जेवणाचा डबा तसाच, दोन्ही हातांत, ट्रेसारखा धरलेला. तेव्हापासून आठ महिने घरात. सकाळी सातला डबा घेऊन ओट्यावर बसतात, गाडी येईल म्हणून. हे वहीत नाही. लिहिलंच नाही मी ते.

म्हणून आज सगळं साधं. इस्त्री नाही, काही नाही. तालीम मात्र थांबली नाही हं — मी सोडली तरी ते सोडेनात, चार वाजले की ट्रे मागतात. आज सकाळी म्हटलं, भावजी, आज थोडं सांडलं तरी चालेल. मुद्दाम सांडलं तर फारच चांगलं. — तर तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी! हे लिहू नका.

काय? मी गप्प बसायचं? अजिबात काही सांगायचं नाही? हं... माझ्याशिवाय काय होतं ते बघायचंय तुम्हाला. बरोबर आहे. त्या सरांना नाही हे सुचलं. बरं. हा पदर, हे तोंड. बंद.

आले.

थांबले बघा उंबऱ्याशी. मी बोलत नाहीये हं, तुम्हाला सांगतेय. ट्रे तिरका व्हायला — नाही. गप्प.

अगं बाई! ऐकलंत? ऐकलंत का ताई? 'उंबरा, भावजी. आधी उजवा पाय' — ते स्वतःच म्हणाले! स्वतःलाच भावजी! माझ्या आवाजात! आणि टाकला की हो पाय — अहो, तुम्ही काय लिहिताय? लिहू नका! गाडी जाईल कायमची — नाही, थांबा. लिहा. का नाही लिहायचं? ओलांडला उंबरा, ठळक लिहा! पण त्याच्या पुढं हेही लिहा, की त्याला वर्ष लागलं. घरातल्या उंबऱ्याला, वर्ष. वही न्या, तारखा बघा. हायवेवरचा कंटेनर थांबतो का वर्षभर? एवढं लिहा आणि त्यांची गाडी —

आले, आले तुमच्यापुढं. अहो, पेन ठेवा आधी! एका हातानं नाही मिळायची बशी. आणि 'सोडा' आज मी म्हणणार नाही — मला तुम्हीच गप्प बसवलंय.