भर शिवणीत

व्यायामोपचाराच्या खोलीबाहेर हात गळ्यात बांधून बसलेल्या मास्तरीणबाईंचं लक्ष समोरच्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलं. त्याची बायको त्याला उठवत होती.

"चला, नंबर आला."

"पाय उचलत नाही गं."

"एक-दोन, एक-दोन मोजत टाका, सांगितलंय ना?"

"मोजायला लागलो की अडतो. लकवा पायाला झालाय की आकड्यांना, देव जाणे."

"मग मोजू नका. नुसतं ऐका."

तिने त्याच्या काठीने फरशीवर ठेका धरला. खटखट, खटखट, खटखट.

"अगं, हे तर आपलं मशीन!"

"पँटची लांब शिवण आहे. मारा पायडल."

पाऊल पडलं. मग दुसरं. बाईंनी वाटेतले आपले पाय आत घेतले.

"दार आलं गं."

"कोपरा आला समजा. सावकाश वळा."

"इतकं हुबेहूब कसं येतं तुला? या खडखडाटाने तर तुझं डोकं उठायचं."

"उठायचंच. पण त्या दिवशी तो भर शिवणीत थांबला, तेव्हा पोळी तव्यावर टाकून धावत आले की नाही?"

"आलीस."

"मग?"

"मग आता तू थांबू नकोस. वाजव."